दोन कातींमधली वेळ



मराठीतला एक चांगला वाक्प्रचार अलीकडे फार स्वस्त झाला आहे. रेल्वे स्थानकाला नवा रंग दिला, की 'स्थानकाने कात टाकली'. एसटीच्या गाड्यांना नवी बाकं बसवली, की 'एसटीने कात टाकली'. एखाद्या पुढाऱ्याने पक्ष बदलला, तरी कात टाकल्याचीच बातमी येते. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला अशा वेळी वाटतं, की या शब्दाच्या मूळ मालकाकडे एकदा जाऊन यावं. त्याला विचारावं, बाबा रे, कात टाकताना नेमकं काय होतं? इतकं सोपं असतं का ते?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण या एका शब्दाचं बोट धरून काही वर्षं जे वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो, ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

मूळ मालक म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे साप येतो. पण सापाला पाठीचा कणा आहे. त्याच्या दृष्टीने कात म्हणजे कातडीचा वरचा थर, अधूनमधून उतरवायचा. ज्यांचं सारं आयुष्यच कातेवर उभं आहे, ते प्राणी बिनकण्याचे. झुरळ, कोळी, विंचू, मुंगी, डास, खेकडा, कोळंबी, फुलपाखराची अळी, आणि या मंडळींच्या पंक्तीत ज्याला आपण कधीच बसवलं नसतं तो जंत. पोटात होणारा गोल जंत आणि शेतकऱ्याला ठाऊक असलेला सूत्रकृमी हे त्याच कुळातले. हे सगळे वाढताना कात टाकतात.

पूर्वी प्राण्यांची नाती दिसण्यावरून ठरायची. गांडुळाचं अंग कड्याकड्यांचं, गोमेचंही तसंच, म्हणून दोघांना जवळचं मानलं जाई. जंत बिचारा एका कोपऱ्यात असायचा. १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्राण्यांतल्या एका जनुकाची तुलना केली आणि 'नेचर' या साप्ताहिकात असं मांडलं, की कात टाकणारे प्राणी हे एकाच मोठ्या घराण्यातले आहेत. घराण्याला नाव दिलं 'एक्डायसोझोआ'. ग्रीक भाषेत एक्डायसिस म्हणजे अंगावरचं उतरवणं. सुरुवातीला वाद झाले, पण पुढच्या अभ्यासांत हे नातं पक्कं होत गेलं. गांडूळ कात टाकत नाही, ते या घराण्याबाहेरचं. जंत मात्र झुरळाचा आणि खेकड्याचा भाऊबंद निघाला. आपल्याला ठाऊक असलेल्या प्राणिजातींपैकी बहुसंख्य जाती या एकाच घराण्यात आहेत.

आता कात टाकायची म्हणजे काय करायचं? आपली हाडं आत असतात आणि ती वाढतात. या प्राण्यांचा आधार बाहेर असतो. कीटकांचं आणि खेकड्यांचं कवच कायटिन नावाच्या द्रव्याचं, तर जंताचं आवरण कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं. हा अंगरखा मजबूत असतो, पण तो अंगाबरोबर हवा तेवढा वाढत नाही. तेव्हा प्राणी जुन्या आवरणाखाली नवं आवरण विणायला घेतो. नवं आवरण मऊ आणि घड्या पडलेलं असतं. मग जुनं सुटं होतं, फाटतं, आणि प्राणी त्यातून बाहेर पडतो. नुसती बाहेरची कातडीच सुटते असं नाही. कीटकाच्या श्वासनलिकांचं अस्तर आणि जंताच्या घशाचं अस्तरसुद्धा सोडावं लागतं. घराच्या कोपऱ्यात कधी आठही पायांसकट पोकळ कोळी लटकलेला दिसतो. तो मेलेला नसतो. ते त्याचं जुनं कापड असतं.

या कामात धोका मोठा असतो. जुनं सुटलेलं, नवं अजून कडक न झालेलं, अशा वेळी प्राण्याला खाता येत नाही, नीट पळता येत नाही. नुकतीच कात टाकलेलं झुरळ पांढरंफटक दिसतं, ते याच वेळेत. काही प्राणी जुन्या कातीत अडकूनच मरतात. मी मनाशी या काळाला एक नाव दिलं आहे, दोन कातींमधली वेळ. आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे, की ही वेळ ज्याने ओळखली, त्याला त्या प्राण्याला सांभाळताही येतं आणि रोखताही येतं.

सांभाळणारा कोण, ते पाहायचं तर मराठवाड्यात एखाद्या रेशीम उत्पादक शेतकऱ्याच्या संगोपनगृहात जावं. तुतीचा पाला दिवसभर कुरतडणाऱ्या अळ्या एके दिवशी एकदम थांबतात. डोकं वर करून निश्चल बसतात. शेतकरी म्हणतो, 'अळ्या कातेवर बसल्या.' मग तो पाला टाकणं बंद करतो, जागा कोरडी राहावी म्हणून वर चुन्याची भुकटी शिंपडतो, आणि घरातल्या पोरांना तिथे धुडगूस घालू देत नाही. अळी कोष विणायला लागेपर्यंत चार वेळा कात टाकते. चारही वेळा तिला शांतता द्यावी लागते. बाळंतिणीच्या खोलीबाहेर जसं हळू बोलतात, तसे ते लोक तिथे बोलतात.

कोकणात चिंबोरी विकणारी मावशी चिंबोरीच्या पोटावर अंगठा दाबून पाहते आणि 'भरलेली' आणि 'पोकळ' वेगळी करते. पोकळ म्हणजे बहुधा नुकतीच कात टाकलेली. खेकडा कात टाकल्यावर पाणी ओढून अंग फुगवतो, म्हणजे नवं कवच मोठ्या मापाचं बसावं. आत मांस कमी आणि पाणी जास्त. एक्डायसोझोआ हा शब्द मावशीने ऐकलेला नसतो, पण दोन कातींमधली वेळ तिच्या अंगठ्याला कळते.

ही वेळ आली हे प्राण्याला कोण सांगतं? १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन या जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्यांच्या सुमारे पाचशे किलो कोषावस्थेतल्या किड्यांतून अवघं पंचवीस मिलिग्रॅम द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव एक्डायसोन. कीटकाच्या शरीरात ते पाझरलं, की कात टाकायची तयारी सुरू होते. पाचशे किलोतून चिमूटभरही नाही इतकं. कवीला हा हिशेब ओळखीचा वाटेल.

आता जंताकडे येतो. जंत म्हटलं, की आपण नाक मुरडतो. पण या प्राण्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्याला रक्त नाही, फुप्फुस नाही. अंगातलं पाणी दाबून भरलेलं असतं, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसं, आणि त्या दाबावर तो सरळ राहतो. मातीत राहणारा सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरभर लांबीचा जंत शास्त्रज्ञांचा फार लाडका आहे. त्याच्या प्रौढ शरीरात लिंगपेशी सोडून बरोबर ९५९ पेशी असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीचा जन्मापासूनचा माग काढलेला आहे. या कामासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हा जंत अंड्यातून बाहेर आल्यावर प्रौढ होईपर्यंत चार वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक कातीआधी दोन-तीन तास झोपल्यासारखा पडून राहतो. रेशमाच्या अळीसारखाच.

त्याची आणखी एक खुबी आहे. अन्न कमी पडलं, गर्दी झाली, तर दुसऱ्या कातीनंतर तो वेगळीच वाट धरतो. तोंड बंद, आवरण जाड, खाणं नाही. अशा अवस्थेत तो महिनोन्‌महिने थांबू शकतो, आणि दिवस पालटले की पुढची कात टाकून आयुष्य चालू करतो. थांबण्याची ही तिसरी अवस्था लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. माणसाच्या शरीरात शिरणारे कितीतरी जंत याच तिसऱ्या अवस्थेत शिरतात. दोन काती ते बाहेर टाकून येतात. उरलेल्या दोन काती आपल्या शरीरात टाकतात. मधल्या वेळेत ते फक्त वाट पाहत असतात.

माझं आजोळ मराठवाड्यातलं. गावाला दगडी पायऱ्यांची जुनी बारव होती. उन्हाळ्यात पाणी खाली जायचं, तसे लोक पायऱ्या उतरत खाली जायचे आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन, म्हणजे १९७० च्या दशकातली गोष्ट. नानीच्या घराला लागून एक सालगडी राहायचे. आजोळी सगळेच मामा, तसे तेही मामा. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले आणि मामा बाजेवर पडून. घोट्याच्या वर जखम, तिच्यातून निघालेला पांढरा दोरा, आणि तो दोरा एका काडीला गुंडाळलेला. रोज दोन बोटं गुंडाळायचा, पुन्हा बांधून ठेवायचा. आम्हां पोरांना तो दोराच वाटायचा. नानी कडुलिंबाच्या पाल्याचं गरम पाणी घेऊन जायची आणि म्हणायची, "भाऊ, घाई करू नका. तुटला तर पाय जाईल." मामा म्हणायचे, "चाची, पेरणी काय माझ्यासाठी थांबतीय व्हय?"

पेरणी थांबली नाही. मालकाने दुसरा गडी पाहिला. मामांची थोरली मुलगी त्या वर्षी शाळेऐवजी खुरपायला जाऊ लागली आणि पुन्हा शाळेत आली नाही. तो दोरा म्हणजे नारू.

नारू हाही सूत्रकृमीच. त्याची मादी जवळजवळ मीटरभर लांब होते. तिचा प्रवास असा. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक सूक्ष्म जीव असतो, कोळंबी-खेकड्याच्या गोतातला, म्हणजे तोही कात टाकणारा. नारूची पिल्लं पाण्यात सुटली, की सायक्लॉप्स ती गिळतो. त्याच्या अंगात नारूचं पिल्लू साधारण दोन आठवड्यांत दोन काती टाकतं आणि थांबतं. तीच ती वाट पाहणारी तिसरी अवस्था. माणूस ते पाणी प्यायला, की पोटातल्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो आणि पिल्लू सुटतं. आतडं भेदून शरीरात शिरतं, तिथे उरलेल्या काती टाकतं. नर आणि मादी भेटतात, नर मरून जातो. मादी वर्षभर वाढत राहते आणि हळूहळू पायाकडे सरकते. मग पायाला फोड येतो, आग होते. माणूस आग शमवायला पाय पाण्यात घालतो, आणि त्याच क्षणी मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. बारवेच्या पाण्यात. ज्या पाण्यात पुढची घागर बुडणार आहे, त्याच पाण्यात.

क्रूर आहे, पण हिशेब चोख आहे. आग पायालाच होते आणि पाय पाण्याकडेच जातो. वर्षभराने येतो म्हणून दर वर्षी साधारण त्याच सुमाराला येतो, आणि ज्याला स्वतःची विहीर नाही त्यालाच गाठतो.

या रोगाची नावंही पाहण्यासारखी आहेत. वैद्यकशास्त्रात त्याच्या नावात मदिना आहे, 'ड्रॅक्युंक्युलस मेडिनेन्सिस', मदिनेचा छोटा ड्रॅगन. अरबी वैद्यांनी त्याला 'मदिनेची शीर' म्हटलं. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या 'कानून' या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. संस्कृत वैद्यकात त्याला 'स्नायुक' म्हणतात आणि आपला नारू हा शब्दही त्याच घराण्यातला वाटतो. एकीकडे शीर, दुसरीकडे स्नायू. दोन्ही भाषांतल्या शहाण्या माणसांना तो आपल्याच शरीराचा एक धागा बाहेर पडतोय असं वाटलं, कारण तो पायातून निघताना दिसतो, शिरताना कुणाला दिसत नाही.

शिरताना पाहिला तो १८७० च्या सुमारास, अलेक्सेई फेडचेंको या रशियन अभ्यासकाने. समरकंद-बुखारा ही नावं आम्हां लोकांना शायरीतून ठाऊक. फेडचेंकोने त्याच मुलखात नारूची पिल्लं सायक्लॉप्सच्या अंगात शिरून कात टाकताना पाहिली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत डी. ए. तर्खड यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं, की असे सायक्लॉप्स पोटात गेले की माणसाला नारू होतो. तर्खडांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

एकदा हे कळल्यावर गाठ कुठे आहे ते दिसलं. नारूवर तेव्हाही औषध नव्हतं, आजही नाही. लस नाही. शरीरात शिरलेला नारू मारता येत नाही. पण दोन कातींमधल्या वेळेत तो सायक्लॉप्सच्या पोटात अडकलेला असतो, आणि सायक्लॉप्स कापडातून गाळला जातो. आपल्याकडे वस्त्रगाळ हा शब्द आहेच. घट्ट विणीचं कापड दुपदरी करून पाणी गाळलं, तर पुढची सारी साखळी तुटते. बुखाऱ्यात तिथल्या डॉक्टरांनी जुने हौद स्वच्छ करून, बंद करून १९३० च्या दशकाच्या आरंभी नारू संपवला. आपल्याला वेळ लागला.

भारतात राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण होते आणि बारा हजारांहून अधिक गावं ग्रासलेली होती. काम काय होतं? पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांवर रहाट बसवायचे, हातपंप खोदायचे. जिथे ते जमत नाही तिथे पाण्यात ठरलेल्या मापाने टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारायचे. गाळणीचं कापड वाटायचं. रुग्णाला पाण्यात पाय घालू द्यायचा नाही. आणि वर्षातून ठरावीक वेळा घरोघर जाऊन विचारायचं, 'कुणाच्या पायाला दोरा आलाय का?' हे विचारणारे आरोग्यसेवक, परिचारिका आणि शिक्षक यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. सायकलीवरून, पायी, पावसातून ते हजारो गावं फिरले.

हे सोपं नव्हतं. बारव म्हणजे पूर्वजांनी बांधलेलं पाण्याचं देऊळ. तिच्या कमानी, देवड्या, पायऱ्यांची घडण पाहून आजही मन हरखतं. तिच्या पायऱ्या बंद करा म्हणणं गावाला आवडलं नसणार. बाहेरून कुणी येऊन 'तुमच्या पाण्यात किडे आहेत' म्हणालं, तर कुणाला अपमान वाटणार नाही? तिथे नुसतं ज्ञान पुरलं नाही. गावाच्या भाषेत बसून बोलणारा माणूस लागला. पेलाभर पाणी उन्हात धरून, भिंगातून सायक्लॉप्स दाखवून लोकांना पटवावं लागलं.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. ती बातमी कुठल्या पानावर, किती ओळींची आली होती, ते आठवणारे फार थोडे असतील. १९८६ मध्ये जगात अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये पंधरा. लाख नव्हे, हजार नव्हे, पंधरा माणसं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी उतारवयात या कामाला वाहून घेतलं होतं. आपल्याआधी शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा त्यांनी २०१५ मध्ये बोलून दाखवली होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी कार्टर गेले, तेव्हा नारू थोडासा शिल्लक होता. कारण आफ्रिकेतल्या चाडमध्ये २०१२ पासून तो कुत्र्यांमध्ये सापडू लागला. आता तिथे लोक कुत्री बांधून ठेवतात, माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरतात. माणसांतून हुसकावलेला जीव दुसरीकडे बिऱ्हाड करतो, हे निसर्गाचं जुनं वळण आहे.

मध्यंतरी एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. सहज मुलांना विचारलं, नारू म्हणजे काय? कुणालाच सांगता येईना. एक मुलगा म्हणाला, "सर, कुणाचं तरी लाडाचं नाव असेल." आम्ही कवी मंडळी सतत मेलेल्या शब्दांचा शोक करत असतो. मोट गेली, जातं गेलं, पखाल गेली आणि तिच्याबरोबर भिस्तीही गेला, म्हणून हळहळतो. त्या दिवशी मात्र एक शब्द मेल्याचं कळून मला मनापासून आनंद झाला. त्या वर्गातल्या कुठल्याही मुलीची शाळा वडिलांच्या पायातल्या दोऱ्यामुळे सुटणार नव्हती.

पण श्रोतेहो, सगळे शब्द अजून मेलेले नाहीत. हत्तीपाय हा शब्द पूर्व विदर्भात अजून जिवंत आहे. तो रोग डास चावल्याने होतो, आणि तिथेही जंताचं पिल्लू डासाच्या अंगात दोन काती टाकून तिसऱ्या अवस्थेत थांबतं. अंकुशकृमी ओल्या मातीत याच अवस्थेत वाट पाहतो आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, आणि ती मातीत कितीतरी दिवस टिकतात. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत गोळी मिळते. गोळी जरूर द्या. पण गोळी पोटातल्या जंतावर चालते, अंगणातल्या अंड्यांवर नाही. तिथे चप्पल, संडास आणि साबणच चालतो. गाळणीच्या कापडाचेच हे भाऊबंद.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नारूची गोष्ट ऐकून तुम्ही साऱ्या जंतांचा राग धराल, तर अन्याय होईल. २०१९ मध्ये जगभरातल्या मातीचे साडेसहा हजारांहून अधिक नमुने तपासून शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की मातीच्या वरच्या थरात दर माणसामागे सुमारे पाच हजार सातशे कोटी सूत्रकृमी आहेत. त्यांचं एकूण वजन जगातल्या सगळ्या माणसांच्या वजनाच्या जवळजवळ ऐंशी टक्के भरेल. यांतले बहुतेक आपल्या वाटेला जात नाहीत. ते जिवाणू आणि बुरशी खातात आणि त्यांच्यात अडकलेलं नत्र पिकाला मोकळं करून देतात. काही सूत्रकृमी डाळिंबाच्या मुळांवर गाठी करतात हे खरं, पण काही हुमणीसारख्या किडीला आतून पोखरतात हेही खरं. मातीत अशाही बुरशी आहेत, ज्या धाग्याचा फास करून सूत्रकृमीला पकडतात. म्हणजे तिथे एक आख्खी बाजारपेठ नांदते आहे, देणंघेणं चालू आहे.

या बाजारात आपण विष टाकतो, तेव्हा ते घराण्याचं नातं आठवायला हवं. डासांच्या अळ्यांची कात बिघडवणारं डायफ्लुबेन्झुरॉन नावाचं औषध आहे. कामाचं आहे. पण तेच पाण्यातल्या कोळंबीला आणि खेकड्यालाही घातक ठरतं, कारण कात टाकणं दोघांचंही आहे. जनावराला जंतासाठी दिलेल्या आयव्हरमेक्टिनने कोट्यवधी माणसांचंही भलं केलं, त्याला २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्याचा अंश शेणात उतरला, की शेणकिडे आणि माशीच्या अळ्या मरतात, आणि शेण मातीत मिसळायला वेळ लागतो. एका भावाला दिलेलं विष दुसऱ्या भावाच्या ताटात जातं. म्हणून मला ते गाळणीचं कापड फार थोर वाटतं. ज्याला अडवायचं त्यालाच त्याने अडवलं, आणि पाणी पाण्यासारखंच राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कात टाकल्याची बातमी वाचाल, तर जरा थांबून विचारा, यात मऊ पडण्याची वेळ कुठे होती? ती नसेल, तर तो नुसता रंग आहे. आणि घरातल्या लहानग्याला भिंतीवरचा पोकळ कोळी झटकून टाकण्याआधी दाखवा. बोटात धरून पाहू द्या, किती पातळ आहे, कुठून फाटलाय. त्याला नारूचीही गोष्ट सांगा. हा शब्द शब्दकोशात राहू द्या, नुसता तिथेच. आणि त्याच्या शेजारी हत्तीपायासाठीही जागा करून ठेवा.